लॉर्ड बेडन-पॉवेल व मुलांची शिडी

लहान मुलाने एखादे चांगले काम केले आणि ते कोणाच्याच दृष्टीस पडले नाही, तर ते मूल त्यातून काय शिकते? पुष्कळदा ते इतकेच शिकते की, काम चांगले करणे व वाईट करणे ही दोन्ही सारखीच आहेत. उलटपक्षी, ज्याला त्याला बक्षिसे वाटीत सुटले तर बक्षिसाला काही मोल राहत नाही, आणि फक्त पहिल्या तिघांसच बक्षीस दिले तर उरलेली मुले आपण कशातच नाही असे समजून मागे बसू लागतात. ह्या खाचखळग्यांतून वाट काढणे आईबापांस, पंतोजींस व मंडळीच्या वडीलजनांस नेहमीच अवघड गेले आहे. ही वाट पुष्कळ देशांतील मुलांसाठी ज्यांनी आखून दिली, त्या लॉर्ड बेडन-पॉवेल ह्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. बालवीर, म्हणजे ज्यांस आता बहुतेक ठिकाणी स्काउट म्हणतात, त्यांच्या चळवळीचे हे संस्थापक होत. चकलांबा व गेवराई तालुक्यातील इतर गावे येथील वाचकांस हा विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. परंतु तो आपल्या अंगणातलाच आहे असे त्यांस शेवटी दिसून येईल, अशी आमची आशा आहे.

रॉबर्ट बेडन-पॉवेल ह्यांचा जन्म लंडन शहरी २२ फेब्रुवारी १८५७ रोजी झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक असून ऑक्सफर्ड येथील विद्यापीठात भूमितीचे अध्यापक होते. रॉबर्ट तीन वर्षांचा असतानाच, १८६० साली, वडील वारले. घरात लेकरे पुष्कळ, त्यांपैकी सर्वांत धाकटे तर अगदी तान्हे होते. अशा स्थितीत त्यांच्या आईने, हेन्रिएटा बाईंनी, सर्वांचे संगोपन केले. मुलांस घरात कोंडून न ठेविता त्यांस मोकळ्या हवेत पाठवावे, आपले आपण शोधून काढू द्यावे, अशी ह्या बाईंची रीत होती. मोठे भाऊ नावेतून प्रवासास निघाले म्हणजे धाकट्या रॉबर्टला भांडी घासण्याचे व स्वयंपाकाचे काम मिळे. पुढे ह्या मुलाने जी शिस्त लाखो मुलांस लाविली, तिचे पहिले धडे त्याने असे भावांच्या हाताखाली गिरविले.

१८७० साली त्यास चार्टरहाउस नामक शाळेत शिष्यवृत्ती मिळाली. दोन वर्षांनी ती शाळा लंडनहून गोडालमिंग गावी नेण्यात आली. तेथे शाळेला लागून एक दाट झाडी होती व तीत जाण्यास मुलांस मनाई होती. रॉबर्ट तेथे चोरून जाई. सशाच्या मागावर राही, त्यास धरून धूर दिसणार नाही अशा बेताने विस्तव करून भाजी, आणि मास्तर जवळून गेले तरी त्यांस चाहूल लागू देत नसे. वर्गातील अभ्यासात मात्र तो साधारणच होता. ऑक्सफर्डच्या विद्यापीठात प्रवेश मिळविण्याचा त्याने यत्न केला तो फसला. ज्या विद्यापीठात बापाने शिकविले त्याचे दार मुलास उघडले नाही. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. कारण एकाच मापाने सर्व मुले मोजली तर काय होते, ह्याचा अनुभव ह्या गृहस्थांस स्वतःला आला होता. पुढे १८७६ साली लष्कराच्या परीक्षेस बसल्यावर तोच मुलगा घोडदळाच्या यादीत दुसरा आला. मूल तेच होते, फक्त माप बदलले होते.

त्याच साली एकोणीस वर्षांचा हा तरुण तेराव्या हुजार पलटणीचा अधिकारी होऊन हिंदुस्थानात आला व लखनौ येथे आपल्या पलटणीस मिळाला. हिंदुस्थानात व आफ्रिकेत त्यांची बरीच वर्षे गेली. माग काढणे, जमिनीवरील खुणा वाचणे, रात्री ताऱ्यांवरून दिशा ओळखणे, थोडक्या सामानात राहणे ह्या विद्येत ते निष्णात झाले व शिपायांसही ती शिकवू लागले. शिपायांच्या मोठ्या थव्यापेक्षा लहान लहान तुकड्या करून प्रत्येकीवर तिच्यातलाच एक पुढारी नेमला व त्याच्यावर विश्वास टाकिला, तर माणसे लवकर तयार होतात, हे त्यांस ह्याच काळात उमगले. १८९९ साली ह्या विद्येवर त्यांचे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते शिपायांसाठी होते.

ह्या लष्करी आयुष्याची दुसरीही बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. १८९६ साली आफ्रिकेच्या दक्षिण भागात माताबेले लोकांचे बंड मोडण्यात ते होते. तेथे पकडलेल्या एका सरदाराची लष्करी न्यायालयापुढे चौकशी करवून त्यांनी त्यास गोळी घालविली. ह्याबद्दल त्यांची चौकशी झाली व त्यांस दोषमुक्त ठरविण्यात आले. तथापि त्या कृत्याविषयी वाद अद्याप मिटलेला नाही.

त्यांचे नाव जगभर झाले ते मॅफेकिंगच्या वेढ्यामुळे. दक्षिण आफ्रिकेतील ह्या लहान गावास बोअर लोकांच्या सैन्याने १३ ऑक्टोबर १८९९ रोजी वेढा दिला व तो १७ मे १९०० पर्यंत, म्हणजे २१७ दिवस टिकला. आत बेडन-पॉवेल ह्यांच्या हाती शिपाई थोडे होते. तेव्हा त्यांच्या हाताखालील लॉर्ड एडवर्ड सेसिल ह्या अधिकाऱ्याने गावातील गोऱ्या मुलांचे एक पथक केले. गुडइयर नावाचा सुमारे तेरा वर्षांचा मुलगा त्यांचा नायक होता. ही मुले निरोप पोहोचवीत, पहाऱ्यावर बसत, इस्पितळात मदत करीत. आरंभी ती गाढवांवर बसून जात, पुढे सायकलींवरून जाऊ लागली. तोफांचे गोळे पडत असता ही मुले आपले काम सोडीत नसत, हे पाहून बेडन-पॉवेल ह्यांस मोठा विस्मय वाटला. मुलांवर खरे काम सोपविले आणि त्यांच्यावर विश्वास ठेविला, तर ती मोठ्यांच्या अपेक्षेबाहेर जातात, ही गोष्ट त्यांनी मनाशी बांधून ठेविली.

येथेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या वेढ्यात उपासमारीचा मोठा वाटा काळ्या रहिवाश्यांच्या माथी आला. बारोलाँग लोक शहराच्या रक्षणार्थ लढले, तरी विजयाचे श्रेय मोजताना त्यांची आठवण पुष्कळ वर्षे कोणी ठेविली नाही. आम्ही हा जो विषय मांडीत आहो त्याच्याशी ह्या गोष्टीचा फार निकट संबंध आहे. कोणाचे काम पाहिले जाते व कोणाचे पाहिले जात नाही, हाच तो विषय होय.

वेढ्यानंतर ते इंग्लंडात परतले तेव्हा एक नवल त्यांच्या दृष्टीस पडले. शिपायांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक मुले वाचीत होती व शाळांतून शिकविले जात होते. १९०४ साली ग्लासगो शहरी बॉइज ब्रिगेड ह्या संस्थेच्या सुमारे ७,००० मुलांची कवाईत पाहण्याचा प्रसंग त्यांस आला. ह्या संस्थेचा जन्म शाब्बाथ शाळेत झाला होता. विल्यम स्मिथ नामक एक शाब्बाथ शिक्षक होते. त्यांच्या वर्गातील मोठी मुले दंगा करीत व पुढे येईनाशी होत. तेव्हा स्मिथ ह्यांनी ४ ऑक्टोबर १८८३ रोजी ग्लासगो येथील एका मिशनच्या दिवाणखान्यात त्या मुलांचे पथक उभारिले. त्यांस कवाईत, खेळ, शिस्त व पवित्र शास्त्राचा अभ्यास ही एकत्र दिली, आणि जबाबदारीच्या जागाही दिल्या. लहान वर्गांसाठी काही योजना असते, प्रौढांसाठी उपासना असते, परंतु मधल्या वयाच्या मुलांसाठी काहीच नसते, ही अडचण आमच्या उपदेशकांसही अपरिचित नाही. स्मिथ ह्यांनीच बेडन-पॉवेल ह्यांस सुचविले की, तुमचे शिपायांचे पुस्तक मुलांसाठी नव्याने लिहावे.

पुस्तक लिहिण्यापूर्वी त्यांनी ते करून पाहिले. १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यात ब्राउन्सी नावाच्या लहानशा बेटावर सुमारे वीस मुलांस घेऊन त्यांनी तंबू ठोकिले. ह्यांत काही मुले श्रीमंतांच्या मोठ्या शाळांतील होती व काही बॉर्नमथ आणि पूल येथील बॉइज ब्रिगेडमधील कष्टकरी लोकांची होती. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन प्रकारची मुले एका पंक्तीस बसणे ही लहान गोष्ट नव्हती. लांडगा, बैल, कावळा व कुरव पक्षी अशा नावांची चार पथके पाडिली व श्रीमंतांची आणि गरिबांची मुले त्यांत मिसळून टाकिली. गाठी मारणे, माग काढणे, विस्तव करणे, पाण्यात पडलेल्यास वाचविणे हे सर्व खेळाच्या रूपाने चालले. मुलांस तीन पाकळ्यांचे एक पितळी चिन्ह मिळे, आणि नेमलेल्या कसोट्या उतरल्यावर त्याखाली दुसरी पट्टी मिळे. हीच त्या शिडीची पहिली पायरी होय.

जानेवारी १९०८ पासून मुलांसाठीचे ते पुस्तक दर पंधरवड्यास एक असे सहा भागांत निघाले. प्रत्येक भागाची किंमत चार पेनी होती. मुलांनी ते हातोहात घेतले व कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता आपली पथके उभी केली. पथके आधी झाली आणि संस्था मागाहून आली.

आता ह्या शिडीची रचना कशी होती ते पाहू. कारण ह्या गृहस्थांच्या आयुष्यातील मुख्य काम तेच आहे. बालवीर मुलाच्या तीन मुख्य पायऱ्या होत्या. पहिलीवर तो नवशिका. त्याने नियम समजून वचन द्यावयाचे व काही गाठी मारून दाखवावयाच्या. दुसऱ्या पायरीसाठी त्याने दोनच काड्यांत चूल पेटवावी, थोडे मांस व दोन बटाटे शिजवावे, मैलभर अंतर अर्धे धावत व अर्धे चालत १२ मिनिटांत जावे, एक मिनिट पाहिलेल्या २४ वस्तूंपैकी १६ आठवून सांगाव्या, आणि बचतीच्या बँकेत त्याच्या नावे सहा पेनी का होईना, शिल्लक असावी. तिसऱ्या पायरीसाठी त्याने पन्नास यार्ड पोहावे, सात मैल जाऊन परत यावे व त्या वाटेचा वृत्तान्त लिहावा. आणि आणखी एक अट होती. त्याने स्वतः एक नवा मुलगा शिकवून पहिल्या पायरीपर्यंत आणलेला असावा.

ही शेवटची अट वाचकांनी लक्षात ठेवावी. दुसऱ्याचा हात धरून त्यास खालच्या पायरीवर आणिल्यावाचून स्वतःस वर चढता येत नसे. साधारण शर्यतीत एकाने पुढे जावयाचे म्हणजे दुसऱ्याने मागे पडावयाचे. ह्या शिडीवर मात्र वरच्याचे चढणे खालच्याच्या चढण्यावर अवलंबून होते. शिवाय एकाने बिल्ला मिळविला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नसे. प्रत्येक मुलाची तुलना कालच्या त्याच मुलाशी होई. बिल्ला देताना काम किती सुबक झाले ह्यापेक्षा त्या मुलाने त्यासाठी किती यत्न केला हे पाहावे, असे संस्थापकांचे परीक्षकांस सांगणे असे. म्हणून आंधळ्या व पांगळ्या मुलांसाठी त्यांच्या शक्तीप्रमाणे कसोट्या बदलून देण्यात आल्या. आणि दूरच्या वस्तीत एकटाच राहणारा, ज्याला पथक मिळत नाही, अशा मुलासही पत्राने मार्ग दाखवून बालवीर होण्याची सोय करण्यात आली.

इतकी विचारपूर्वक शिडी बांधणाऱ्यांच्याही हातून एक गोष्ट राहिली होती. तिच्यावर चढू इच्छिणारे सर्व त्यांच्या ध्यानात आले नव्हते. त्यांची योजना साधारण अकरा ते अठरा वर्षांच्या इंग्रज मुलांसाठी होती. ज्यांचा विचार झाला नव्हता ते एकामागून एक दाराशी आले व त्यांनी दार ठोठावले.

पहिल्या आल्या मुली. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे सुमारे ११,००० बालवीरांचा मेळा भरला. त्यांत काही मुली आपल्या आपण पोशाख करून येऊन उभ्या राहिल्या. त्यांस कोणी बोलाविले नव्हते. परिणामी १९१० साली त्यांच्यासाठी वेगळी संस्था निघाली व तिचे काम बेडन-पॉवेल ह्यांच्या भगिनी ॲग्नेस ह्यांनी हाती घेतले. पुढे १९१२ साली ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या ओलाव्ह बाईंनी तिचा मोठा विस्तार केला. आपणांकडे ह्या मुलींस वीरबाला असे नाव पडले. बेडन-पॉवेल ह्यांनीही १९१० साली लष्करातून निवृत्ती घेऊन सर्व काळ ह्याच कामास वाहिला.

दुसरे आले धाकटे भाऊ. मोठ्या भावाचा पोशाख व खेळ पाहून आठ-नऊ वर्षांची मुले वय लपवून पथकात शिरू लागली. त्यांस मोठ्यांच्या कसोट्या लाविल्या तर ती थकून जात, आणि त्यांच्यासाठी कसोट्या सोप्या केल्या तर मोठ्यांस कंटाळा येई. तेव्हा १९१६ साली आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी वेगळी शाखा निघाली. तिच्यासाठी त्यांनी रड्यर्ड किप्लिंग ह्यांच्या जंगलकथांचा आधार घेतला. हे किप्लिंग १८६५ साली मुंबईत जन्मले होते, आणि त्या कथांतील वैनगंगा ही आपल्या भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांतून वाहणारीच नदी आहे. ह्या शाखेतील मुलास लांडग्याचे पिल्लू, म्हणजे कब, असे म्हणत. पिल्लू जन्मतः आंधळे असते. म्हणून पहिली कसोटी उतरल्यावर टोपीवर एक तारा मिळे, म्हणजे एक डोळा उघडला. दुसरी उतरल्यावर दुसरा तारा, म्हणजे दोन्ही डोळे उघडले. कसोट्याही वयाप्रमाणे: कोलांटी मारणे, चेंडू झेलणे, घड्याळ पाहून वेळ सांगणे, नखे व दात स्वच्छ राखणे, निरोप न चुकता पोहोचविणे. तसेच अठरा वर्षांवरील तरुणांसाठी १९१८ साली रोव्हर नावाची शाखा निघाली. तिच्यात बिल्ल्यांपेक्षा लोकसेवेवर भर होता. मूल लहान असता तारा पाहून हर्षित होते. तरुण झाल्यावर त्याला तारा न मिळताही सेवा करिता यावी, असा ह्या क्रमाचा हेतू दिसतो.

तिसरे दार ठोठावणारे आपले लोक होते, आणि तेथे दार उघडण्यास सर्वांत अधिक वेळ लागला. हिंदुस्थानात बालवीरांचे पहिले पथक १९०९ साली बंगलोर येथे कॅप्टन बेकर ह्यांनी काढिले, परंतु ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. हिंदी मुलांस त्यात प्रवेश नव्हता. ही विद्या त्यांच्या हाती गेल्यास राज्यास धोका होईल, अशी भीती सरकारी अधिकाऱ्यांस वाटत होती. ज्या विद्येचा पुष्कळसा भाग बेडन-पॉवेल ह्यांनी हिंदुस्थानच्या रानांत व आफ्रिकेच्या माळांवर मिळविला, तीच ह्या देशच्या मुलांस नाकारली गेली.

आपल्या लोकांनी तक्रार करून हात जोडून बसणे पत्करिले नाही. १९१६ च्या सुमारास मद्रासेकडे ॲनी बेझंट बाई व अरुंडेल साहेब ह्यांनी हिंदी मुलांसाठी स्वतंत्र संस्था काढिली. त्यानंतर लवकरच अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी ह्यांनी सेवा समितीची बालवीर संस्था उभारिली; तिची मुले मेळ्यांतून यात्रेकरूंची सेवा करू लागली. आपल्या नागपूरचे विवियन बोस, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, तेही ह्या कार्यात आघाडीवर होते. १९२१ साली बेडन-पॉवेल पतिपत्नी हिंदुस्थानात आली. हिंदी मुलांचे काम त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि बेझंट बाईंची संस्था मुख्य संस्थेत सामील झाली. सेवा समिती मात्र वेगळीच राहिली.

१९३७ साली दिल्ली येथे अखिल भारतीय मेळा भरला, त्यासही ते वयाच्या ऐंशीव्या वर्षी आले. परंतु त्यानंतर हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयी त्यांनी केलेली काही अनुदार विधाने प्रसिद्ध झाली व देशभर संताप झाला. पुष्कळांनी संस्था सोडिली आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काउट असोसिएशन ही नवी संस्था निघाली. सर्व जगातील मुले भाऊ भाऊ होत असे शिकविणाऱ्या मनुष्याच्या मनातही साम्राज्याचा अहंकार असा शिल्लक राहिला होता. त्यांच्या थोरवीचे वर्णन करिताना आम्ही हे गाळले असते तर वाचकांची फसवणूक झाली असती. स्वातंत्र्यानंतर ह्या वेगवेगळ्या संस्था एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था झाली, व पुढल्या वर्षी मुलींची संस्थाही तीत मिळाली.

आयुष्याची शेवटची वर्षे बेडन-पॉवेल ह्यांनी पूर्व आफ्रिकेतील केनिया देशी न्येरी गावी काढिली व ८ जानेवारी १९४१ रोजी तेथेच ते वारले. १९२० साली लंडनच्या मेळ्यात मुलांनी त्यांस सर्व जगाचे मुख्य बालवीर म्हणून घोषित केले होते आणि १९२९ साली राजाने त्यांस लॉर्ड केले होते. परंतु त्यांच्या थडग्यावर जी खूण कोरिली आहे ती ह्या पदव्यांहून साधी आहे. एक वर्तुळ व त्याच्या मध्यभागी एक ठिपका, एवढेच तिचे रूप. माग काढणाऱ्या मुलांच्या भाषेत तिचा अर्थ, मी घरी गेलो आहे, असा होतो.

त्यांची शिडी आज आपल्या देशात आपल्या भाषेची नावे घेऊन उभी आहे. लहान मुलांसाठी कब व मुलींसाठी बुलबुल. त्यापुढे स्काउट व गाईड. त्यापुढे रोव्हर व रेंजर. स्काउट मुलाने प्रवेश घेऊन प्रथम सोपान, द्वितीय सोपान व तृतीय सोपान चढावे. नंतर राज्य पुरस्कार व शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. सोपान म्हणजे जिना. हा शब्द आमच्या मते फार उत्तम निवडला आहे.

आता आपल्या अंगणाकडे वळू. बीड जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात व उन्हाळा लागल्यावर परततात, हे चकलांब्याच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. त्यांबरोबर कित्येक मुलेही जातात. गावच्या शाळेत बक्षीस समारंभ होतो तेव्हा ती मुले कोठे तरी कारखान्याच्या माळावर कोपीत असतात. दहा वर्षांची मुलगी पहाटे थंडीत चूल पेटविते, तान्ह्या भावास सांभाळिते, पाणी भरिते. बारा वर्षांचा मुलगा बैलांस वाढे घालितो, मोळ्या बांधण्यास हात लावितो, अंधारात फडाची वाट चुकत नाही. बेडन-पॉवेल ह्यांच्या दुसऱ्या पायरीच्या किती तरी कसोट्या ही लेकरे केव्हाच उतरली आहेत. परंतु कोणी त्या मोजल्या नाहीत. परत आल्यावर वर्गात त्यांस इतकेच कळते की आपण मागे पडलो आहो.

ह्यावरून मुलांनी असे कष्ट करावे असा अर्थ कोणी काढू नये. त्यांचे स्थान शाळेत आहे, आणि त्यांस तेथे ठेवण्याचे यत्न जितके होतील तितके थोडेच आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, जे कौशल्य व जो धीर त्यांनी मिळविला आहे तो निदान आपण तरी पाहावा. मुलास परत शाळेच्या बाकावर आणावयाचे असेल तर त्यास आधी असे वाटले पाहिजे की, आपण अगदी रिकाम्या हाताने आलेलो नाही.

ह्यासाठी मोठा खर्च लागत नाही. गावच्या शाळेत स्काउट व गाईड ह्यांचे पथक असेल तर आपली मुले व मुली त्यांत पाठवावी, आणि नसेल तर ते सुरू करण्याविषयी शिक्षकांस विनंती करावी. शाब्बाथ शाळेत व तरुणांच्या संघातही वयाप्रमाणे तीन भाग करून प्रत्येकासाठी चार-पाच साध्या कसोट्या ठरविता येतील. त्या ठरविताना तीन गोष्टी पाळाव्या. पहिली ही की, सर्वांत खालची पायरी जमिनीच्या इतकी जवळ असावी की पाच-सहा महिने बाहेर राहून आलेल्या मुलाचाही पाय तीवर पोहोचेल. दुसरी ही की, मुलाच्या यत्नाचे मोजमाप त्याच्या स्वतःच्या कालच्या स्थितीवरून करावे, शेजारच्या मुलावरून करू नये. तिसरी ही की, सर्वांत वरचा मान अशाच मुलास द्यावा, ज्याने आपल्यामागून आलेल्या एकाला तरी शिकवून पहिल्या पायरीवर उभे केले आहे.

बेडन-पॉवेल ह्यांनी शिडी बांधिली, हे त्यांचे मोठे काम होय. परंतु ती सर्वांची झाली ती मुलींनी, धाकट्या भावांनी व आपल्या देशातील पुढाऱ्यांनी दार ठोठावले म्हणून. चकलांब्याच्या रस्त्यावर मार्च-एप्रिलात ऊसतोडीहून परतणारी वाहने येतील, तेव्हा त्यांवरील बोचक्यांत बसलेल्या लेकरांस दार ठोठावीत उभे राहण्याची पाळी येऊ नये. उपदेशकांनी व मंडळीच्या वडीलजनांनी त्यांची नावे आजच आपल्या वहीत लिहून ठेवावी, आणि ती आली म्हणजे प्रथम त्यांस हे विचारावे की, बाळांनो, ह्या पाच-सहा महिन्यांत तुम्ही काय काय शिकून आला?